शिखराआधी परतीची वाट

२०१८ सालच्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणारी पाच आदिवासी मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली, तेव्हा सारा महाराष्ट्र कौतुकाने भारावून गेला. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम ही नावे त्याच महिन्याच्या अखेरीस आकाशवाणीवरून खुद्द पंतप्रधानांच्या तोंडून देशाने ऐकली. चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवर वसलेले. मे महिन्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि भर दुपारी रस्ते ओस पडतात. अशा जिल्ह्यातील, ज्यांनी बर्फ कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता अशा मुलांनी ८,८४८ मीटरची उंची गाठावी, हे खरोखरच अपूर्व होते. त्या कौतुकात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

मात्र त्या आनंदात एक गोष्ट मागे पडली. ‘मिशन शौर्य’ नावाच्या त्या मोहिमेत दहा विद्यार्थी होते. पाच शिखरावर पोहोचले आणि पाच शिखर न गाठता परतले. पहिल्या पाचांची छायाचित्रे सर्वत्र झळकली; दुसऱ्या पाचांची नावे आज चंद्रपुरातही फारशा कोणाला आठवत नाहीत. वस्तुतः मोहिमेच्या नियोजनाची परीक्षा शिखरावर किती जण पोहोचले यात नसून घरी किती जण परतले यात असते. या कसोटीवर ती मोहीम दहापैकी दहा गुणांनी उत्तीर्ण झाली होती. हे नीट ओळखले गेले नाही, म्हणून तिचा खरा धडाही मागे राहिला. तो धडा एव्हरेस्टवीरांपुरता मर्यादित नाही. सुट्टीत हिमालयातील उंच वाटांवर चालावयास निघणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा त्याच्याशी संबंध आहे.

सोयीचा आभास

गेल्या काही दशकांत हिमालयाच्या वाटा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याकडे, अन्नपूर्णेभोवती किंवा लांगटांगच्या खोऱ्यात जाणाऱ्या मार्गांवर चार-पाच तासांच्या अंतराने छोटी विश्रामगृहे आहेत. त्यांना तेथे ‘टी-हाउस’ म्हणजे चहाघर म्हणतात. नाव चहाचे असले तरी तेथे झोपावयास फळीची खोली, अंगावर घ्यावयास रजई, शेगडीची ऊब आणि गरम डाळभात मिळतो. पूर्वी या वाटेने जावयाचे तर तंबू, शिधा, रॉकेल आणि हमालांचा तांडा बरोबर न्यावा लागे. आता पाठीवर एक पिशवी घेऊन शिक्षक, बँकेतील कर्मचारी, निवृत्त अधिकारी, महाविद्यालयीन विद्यार्थी असे सारेच जाऊ शकतात. पुण्या-मुंबईकडून हा ओघ जुना आहे. विदर्भातही ही हौस आता नवी राहिलेली नाही. डोंगरातील एखाद्या कुटुंबाला आपल्याच घराच्या दोन खोल्यांवर वर्षाचा निर्वाह करता यावा, हीदेखील या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे.

परंतु या सोयीतच धोका दडलेला आहे. छप्पर आहे, पलंग आहे, गरम जेवण आहे, म्हणून उंची कमी होत नाही. लुक्ल्याचे विमानतळ २,८६० मीटरवर आहे, नामचे बाजार ३,४४० मीटरवर आणि एव्हरेस्टचा दक्षिणेकडील पायथ्याचा तळ ५,३६४ मीटरवर. त्या तळावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायूही तेवढाच. अन्नपूर्णा परिक्रमेत ओलांडावी लागणारी थोरांग खिंड ५,४१६ मीटरवर आहे. खुंबूतील तीन खिंडींचा मार्ग तर पाच हजार मीटरपलीकडील तीन चढ एकाच प्रवासात मागतो. तंबूत राहणाऱ्या प्रवाशाला आपण कोठे आलो आहोत याची जाणीव पदोपदी होते. चहाघरात राहणाऱ्याला ती होतेच असे नाही.

दिवसांचे गणित

उंचीवरील आजाराविषयी वैद्यकशास्त्राचे सांगणे साधे आहे. तीन हजार मीटरनंतर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा. दिवसा वर चढून यावे, रात्री खाली झोपावे. डोके दुखू लागले, मळमळले, झोप उडाली, तर पुढे चालू नये. लक्षणे वाढली तर वेळ न दवडता खाली उतरावे. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्याचा जो प्राणघातक प्रकार आहे, त्यावर खाली उतरणे हाच खात्रीचा इलाज. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. परंतु गोळी म्हणजे वर जाण्याचा परवाना नव्हे. तसेच शरीराची तंदुरुस्ती हेही या आजारापासून संरक्षण नव्हे. उलट जो तंदुरुस्त असतो तो वेगाने चढतो आणि वेगाने चढणाराच अधिक धोक्यात येतो.

हे नियम ध्यानी घेऊन लुक्ला ते पायथ्याचा तळ या मार्गाचा हिशेब मांडला, तर वर जावयास सुमारे आठ दिवस आणि उतरावयास तीन-चार दिवस लागतात. नामचे येथे एक आणि डिंगबोचे येथे एक असे दोन विश्रांतीचे दिवस त्यातच धरलेले आहेत. लुक्ल्याची धावपट्टी अवघी सव्वापाचशे मीटर लांबीची. ढग उतरले की विमाने बंद. त्यासाठी दोन-तीन दिवस हाती ठेवावेच लागतात. बल्लारशाहवरून गोरखपूरला आगगाडीने आणि सोनौलीच्या सीमेवरून काठमांडूला मोटारीने जावयाचे, तर येण्याजाण्याचे आणखी पाच-सहा दिवस. म्हणजे चंद्रपूरहून निघणाऱ्या माणसाने तीन आठवड्यांची सवड काढली, तरच हा प्रवास शहाणपणाने होतो.

सवड नेमकी येथेच कापली जाते. रजा पंधरा दिवसांची असते, मग विश्रांतीचा दिवस ‘वाया जाणारा’ म्हणून गाळला जातो. सहलीच्या जाहिरातीतही कमी दिवस आणि कमी खर्च हेच आकर्षण असते. परतीचे तिकीट ठरलेले असल्याने डोकेदुखी लपविली जाते. बरोबरचे दहा जण पुढे निघाले असता आपण एकट्याने मागे राहावे, हे संकोचापोटी कोणी बोलत नाही. उंचीवर होणाऱ्या कित्येक दुर्घटनांची सुरुवात अशा रीतीने घरी, दिनदर्शिकेच्या पानावरच होते.

‘मिशन शौर्य’ने नेमके याच्या उलट केले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रशिक्षणास प्रारंभ झाला. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह अशा चढत्या पायऱ्यांनी मुलांना नेण्यात आले. मोठ्या गटातून टप्प्याटप्प्याने निवड होत अखेरचे दहा उरले. शेजारच्या तेलंगणातील मालावत पूर्णा हिने २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, एव्हरेस्ट सर केले, तेही अशाच दीर्घ तयारीच्या बळावर. सरकारी वसतिगृहातील मुलांकडे पैसा नव्हता, महागडी साधने नव्हती. त्यांना देण्यात आली ती मुख्यतः एक गोष्ट, ती म्हणजे वेळ. पैसा असलेला हौशी प्रवासी नेमकी तीच गोष्ट स्वतःला नाकारतो, हा केवढा विरोधाभास!

रक्तातील प्रश्न

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने हिमालयाचे नियोजन करताना आणखी एक पान उघडावयास हवे. मुंबईच्या मार्गदर्शिकेत ते सहसा नसते. या दोन जिल्ह्यांतील गोंड, माडिया, परधान आणि इतरही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आरंभीच्या काळातच ही बाब पाहणीतून नजरेस आणून दिली होती. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू केले. सिकलसेलचा प्रत्यक्ष रुग्ण उंचीवर जाणार नाही, हे उघड आहे. प्रश्न आहे तो वाहकाचा. वाहकाला एरवी काहीही त्रास नसतो. तो शेतात राबतो, मैदानावर धावतो, आपण वाहक आहोत हे अनेकदा त्याला ठाऊकही नसते. परंतु विरळ हवेत त्याच्या रक्तपेशी आकार बदलू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली उठणारी तीव्र कळ हे त्याचे लक्षण. पोटदुखी समजून ते दुर्लक्षिले गेले, तर प्रसंग जिवावर बेततो.

याचा अर्थ वाहकांनी डोंगराकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. अनेक वाहक उंचीवर जाऊन सुखरूप परतले आहेत. परंतु जाणाऱ्याला स्वतःविषयी आणि नेणाऱ्याला त्याच्याविषयी हे ठाऊक असलेच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी साधी रक्तचाचणी आणि ती सदोष आढळल्यास पुढची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी, एवढ्याने हे काम भागते. हिवतापाचा गडचिरोलीतील मुक्काम जुना आहे. वारंवार हिवताप झालेल्याची प्लीहा वाढलेली असू शकते. आश्रमशाळांतील मुलींमध्ये रक्तक्षयही आढळतो. ज्या रक्ताने कमी प्राणवायूत काम करावयाचे, ते मुळातच दुबळे असेल तर केवळ मनोधैर्याच्या भाषणांनी काय साधणार? आधी काही महिने आहार आणि लोहाच्या गोळ्या, मग चढाई, हा क्रम उलटता येत नाही.

सरावाचे ठिकाण हाही येथे वेगळाच प्रश्न आहे. जिवती तालुक्यातील माणिकगडाचे डोंगर किंवा गडचिरोलीतील टिपागड पायांना चढ-उताराची सवय लावतील. उंचीची सवय मात्र लावणार नाहीत. पहाटे जंगलाच्या रस्त्याने धावण्याचा सल्ला पुण्यात देणे ठीक. ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा मूलच्या परिसरात, जेथे मोहफुले व तेंदूपाने वेचणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात, तेथे तो सल्ला देणाऱ्याने दहादा विचार करावा. हंगामांचीही सांगड येथे सहज बसत नाही. हिमालयातील चालण्याचा पहिला काळ मार्च ते मे, म्हणजे येथे परीक्षांचा, मोहाचा आणि तेंदूचा. दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे धानकापणीचा. ज्या घराची वर्षाची रोकड तेंदूच्या दोन-तीन आठवड्यांत येते, त्या घरातील मूल मे महिन्यात हिमालयात नेणे म्हणजे त्या घराची एक मजुरी कमी करणे होय. नियोजनात हा हिशेबही मांडला गेला पाहिजे.

वादळाची बातमी

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी अन्नपूर्णा परिसरात झालेल्या हिमवृष्टीत आणि हिमकडे कोसळून चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत परदेशी प्रवासी होते, भारतीय होते, नेपाळी वाटाडे व हमाल होते आणि गुराखीही होते. ते वादळ आकाशातून अवचित कोसळलेले नव्हते. दोनच दिवसांपूर्वी, १२ ऑक्टोबरला, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘हुदहुद’ चक्रीवादळाचा तो उरलेला अंश होता. बंगालच्या उपसागरातील वादळाने पूर्व विदर्भात पाऊस पडतो, हे गडचिरोलीचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. तेच वादळ पुढे हिमालयात बर्फ होऊन पडते, हे मात्र थोरांग खिंडीकडे निघालेल्या अनेकांना वेळेवर समजले नाही. ज्यांनी खालच्या मुक्कामी आणखी एक-दोन दिवस काढले, ते वाचले. पुन्हा तोच मुद्दा: हाती मोकळा दिवस असणे म्हणजेच हाती जीव असणे.

त्या दुर्घटनेत वाटाडे आणि हमालही गेले, हे विसरून चालणार नाही. नियोजनात त्यांचाही वाटा आहे. एका हमालाच्या पाठीवर तीस किलोंहून अधिक ओझे असू नये, त्याच्या अंगावर बर्फास पुरेसे कपडे असावेत, त्याचा विमा उतरविलेला असावा आणि तो आजारी पडल्यास त्याला एकट्याने खाली पाठवू नये, हे संकेत आज सर्वमान्य आहेत. स्वस्त सहलीची किंमत बहुधा याच माणसाच्या पाठीवरून वसूल होते. स्वतःचा विमा काढतानाही तो पाच-सहा हजार मीटर उंचीवरील सुटकेचा खर्च भरून देणारा आहे काय, हे पाहावे. सर्वसाधारण विम्यात ते कलम बहुधा नसते. १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनची दवाखान्याची ठाणी फेरिचे आणि मनांग येथे हंगामात चालतात. ही ठाणी कोठे आहेत, हे निघण्यापूर्वी ठाऊक असावे.

बक्षिसाचे तर्कशास्त्र

आता शासनाकडे वळू. २०१८ च्या यशानंतर शिखर गाठणाऱ्या पाचांना मोठी आणि उरलेल्या पाचांना कमी रकमेची बक्षिसे जाहीर झाली. कौतुकाच्या भरात झालेल्या त्या निर्णयामागील हेतू चांगलाच होता. त्या दहा मुलांच्या वर्तनावर त्याचा परिणाम होण्याचेही कारण नव्हते, कारण ती आधीच उतरून आलेली होती. परंतु बक्षीस मागच्यांना दिले जाते आणि वाचले जाते पुढच्यांकडून. २०१९ साली राज्यातील आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांची दुसरी मोहीमही एव्हरेस्टवर गेली. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, अशा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आठ हजार मीटरवर ‘आता मागे फीर’ असे त्याचे शरीर सांगत असताना, शिखर आणि माघार यांच्यामध्ये लाखो रुपयांचे अंतर उभे करणे कितपत योग्य? योग्य वेळी मागे वळणे हाही पराक्रमच आहे, हे शासनाने रकमेच्या भाषेत सांगावयास हवे होते. दहाही जणांना समान सन्मान दिला असता तर ते सांगून झाले असते.

एक आक्षेप याहून मूलगामी आहे. ज्या आश्रमशाळांत चांगले शिक्षक, स्वच्छ पाणी आणि वेळेवर उपचार यांची वानवा असते, तेथील काही मुलांना एव्हरेस्टवर नेण्याचा खर्च हा दिखाऊपणा नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. आदिवासी मूल धाडसी आहे हे सिद्ध करण्यासाठी एव्हरेस्टची गरज नव्हती. जंगलातून शाळेला चालत जाणारे मूल ते रोजच सिद्ध करते. तथापि या मोहिमेतून जे खरे हाती लागले, ते शिखर नव्हे, तर त्याआधीचे महिने होते. नियमित आहार, वैद्यकीय तपासणी, शिस्त, दूरचा प्रदेश, अनोळखी भाषा आणि ‘हे मला जमते’ हा विश्वास. ही शिदोरी दहा जणांना मिळाली. ती शेकडोंना देता येणार नाही काय?

येथेच चहाघरांच्या वाटा उपयोगी पडतात. दार्जिलिंगजवळील संदकफू ३,६३६ मीटरवर आहे, भारतातच आहे आणि वाटेत मुक्कामाची सोय आहे. अन्नपूर्णेच्या पायथ्याचा तळ ४,१३० मीटरवर आहे. तेथवर नीट जाऊन आलेल्यांपैकी निवडक मुलांना पुढे पाच हजार मीटरपलीकडील वाटेवर नेता येईल आणि त्यातूनही एखाद्यालाच, त्याची इच्छा व प्रकृती असल्यास, दार्जिलिंगच्या १९५४ पासून चालत आलेल्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचा अभ्यासक्रम देऊन खऱ्या गिर्यारोहणाकडे वळविता येईल. एका मुलाला एव्हरेस्टवर नेण्यास लागणाऱ्या पैशात संदकफूच्या वाटेवर कितीतरी मुले जाऊन येतील. जाण्यापूर्वी प्रत्येकाची सिकलसेल व रक्तक्षयाची तपासणी, विश्रांतीचा दिवस न कापण्याचा लेखी नियम, मागे फिरविण्याचा अंतिम अधिकार बरोबरच्या डॉक्टरकडे आणि परतल्यावर सर्वांना एकच प्रमाणपत्र, एवढी चौकट आखली तरी पुरे. पहिल्या पायरीवर कोणी थांबले तर ते अपयश ठरणार नाही, कारण पायरी हीच तेथे ठरलेली मजल असेल.

कुटुंबासह निघणाऱ्या खाजगी प्रवाशालाही हीच चौकट लागू पडते. ज्याने तीन हजार मीटरवर एकही रात्र काढलेली नाही, त्याने पहिल्याच वर्षी पाच हजारांची खिंड निवडू नये. रजा जेवढी असेल तेवढाच डोंगर निवडावा. डोंगरासाठी दिवस कापू नयेत. निघण्यापूर्वी घरातील सर्वांसमक्ष ठरवावे की एकाचे डोके दुखले तर सारे थांबतील आणि खाली उतरावे लागले तर त्याच्याबरोबर कोणीतरी उतरेल. मागे फिरणाऱ्याला पुढे जन्मभर त्यावरून चिडविले जाणार नाही, हेही तेव्हाच ठरविलेले बरे.

चंद्रपूरच्या त्या दहा मुलांच्या घरी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कोणत्या गोष्टीची वाट पाहिली जात असेल? शिखराची खचितच नव्हे. एव्हरेस्ट कोठे आहे, त्याची उंची किती, याची कल्पना नसलेल्या आईबापांना एकच गोष्ट कळत होती: मूल केव्हा परत येणार? नियोजनाच्या साऱ्या शास्त्राचे सार त्या एका प्रश्नात आहे. ज्या योजनेच्या पहिल्या पानावर या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असेल, तीच योजना उंचीवर टिकते. दहाही मुले परतली होती. त्यांतील पाचांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. उरलेल्या पाचांचे ऋण अद्याप फिटलेले नाही. पुढच्या मोहिमेचे नियम लिहिताना ते फेडण्याची संधी शासनाला आहे.